घर विकणाऱ्याचा कागद

घर विकणे ही आपल्याकडे अजूनही काहीशी संकोचाची गोष्ट समजली जाते. घर बांधले की वास्तुशांतीचे आमंत्रण साऱ्या आळीला जाते. घर विकले की ती वार्ता शेजाऱ्याला नव्या मालकाच्या तोंडून कळते. या संकोचापायी विकणारा चार जाणत्यांना विचारीत नाही, दोन ठिकाणी भाव काढीत नाही. तो एकाच माणसाला गाठतो आणि सारे त्याच्यावर सोपवितो. तो माणूस म्हणजे मध्यस्थ. रोजच्या बोलण्यात दलाल किंवा एजंट. त्याच्याशी होणारा करार बहुधा तोंडी असतो. कागद झालाच, तर तो मध्यस्थाने आणलेला छापील कागद असतो आणि त्यावर सही होते ती उभ्याउभ्या. खरेदीखताचा शब्द अन् शब्द वकिलाकडून तपासून घेणारा मनुष्य दलालीचा कागद मात्र वाचीतही नाही. श्रोतेहो, आज या दुर्लक्षित कागदाचा थोडा पूर्वेतिहास सांगावयाचा आहे.

दृष्टीपुढे गावे ठेवू या पेण आणि रोहे. दोन्ही रायगड जिल्ह्यातली. हाच जिल्हा ३१ डिसेंबर १९८० पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात होता. पेण हे खाडीकाठचे, भाताचे आणि मिठाचे गाव. अंतोरे बंदरातून त्याचा माल मुंबईस जाई. रोहे कुंडलिकेच्या काठी, पलीकडे अष्टमी. अशा गावांत पूर्वी घर विकले जाई ते ओळखीतल्या माणसाला. ओटी, माजघर, पडवी आणि परसू यांची किंमत काय, हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारखेच ठाऊक असे. मध्ये कोणी पडलाच तर तो नात्यातला वडीलधारा किंवा गावचा कारकून. त्याला मिळे पानसुपारी आणि फार तर एखादे धोतर. त्याच्या कामाचा कागद करण्याचे कारणच नव्हते.

हे चित्र पालटले ते रस्त्यांनी, लोहमार्गाने आणि मुंबईच्या वाढीने. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईचा आराखडा खाडीपलीकडे उतरला. १९८६ साली आगगाडी आपट्याहून पुढे रोह्यापर्यंत आली. १९९८ च्या जानेवारीत रोह्यापासून दक्षिणेस जाणारी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सेतू खुला झाला, आणि मुंबईचा मनुष्य पेणकडे पाहताना मैल मोजण्याऐवजी मिनिटे मोजू लागला. या प्रत्येक पावलागणिक जमिनीचा आणि घराचा भाव हलला. परंतु भाव हलला ही बातमी प्रथम कोणाला कळली? घराच्या मालकाला खचितच नव्हे. तो पुष्कळदा पुण्यास, ठाण्यास किंवा परदेशी असतो. गावचे घर कुलूपबंद आणि वर्षातून एकदा, गणपतीपुरते उघडणारे. गिऱ्हाईक काय देऊ शकेल हे ज्याला ठाऊक, तो मध्यस्थ; आणि ज्याची वस्तू, तो अंधारात. करार न्याय्य की अन्याय्य हा प्रश्न येथून उद्भवतो.

मध्यस्थ म्हणजे लबाड असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. मिळकत पत्रिकेवर आजोबांचेच नाव राहिले आहे, वारसनोंद झालेली नाही, एक चुलत बहीण नागपुरास आणि एक पुतण्या परदेशी, घरपट्टी थकलेली. अशा घराचे कागद जुळवून, वारसांच्या सह्या मिळवून, गिऱ्हाईक दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आणून उभे करणे हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम आहे. त्याचा मोबदला द्यावयास हवा. प्रश्न एवढाच, की तो किती, कधी आणि कशाबद्दल, हे आधी ठरले आहे काय, आणि ज्याने द्यावयाचा त्याला ते समजले आहे काय?

न वाचलेल्या कागदाने माणसाची काय दशा होते, हे महाराष्ट्राने एकदा फार कडू अनुभवाने जाणले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पुढे तो नगर जिल्ह्यात पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्या जमावांचे मुख्य लक्ष्य होते सावकारांजवळची कर्जरोखे आणि हुकूमनामे ही दप्तरे. जेथे सावकाराने ती मुकाट्याने दिली, तेथे बहुधा मारहाण झाली नाही; कागद जाळले आणि लोक परतले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्याचा अर्थ आपल्याला कधी सांगितला गेला नाही, तो कागदच आपला वैरी, असे त्यांना वाटले.

सरकारने चौकशी केली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्यातील एक योजना आजही मनन करण्याजोगी आहे. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचे दस्त गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली व्हावेत. आणि सावकाराने ऋणकोला पावती व हिशेब द्यावा, असे त्यात होते. सही ही संमतीची खूण खरी, परंतु ज्याला मजकूर कळला त्याचीच सही संमती ठरते, हे तत्त्व येथे कायद्याच्या पोटी आले. घर विकणारा आजचा सुशिक्षित मनुष्य निरक्षर नाही हे खरे. पण बारीक टाइपात छापलेल्या इंग्रजी कागदापुढे तो कितीसा साक्षर उरतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आता मध्यस्थाच्या कायद्याकडे वळू. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही चालू आहे आणि त्याचे दहावे प्रकरण मुखत्यारीविषयी, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या माणसाविषयी आहे. मौज अशी, की त्या प्रकरणातील दृष्टांत वाचताना आपण एखाद्या आळीतील हकीकतच ऐकतो आहोत असे वाटते. २१५ व्या कलमाखाली दिलेला दृष्टांत पाहा: मालक मुखत्याराला आपली मिळकत विकावयास सांगतो, मुखत्यार ती तिसऱ्याच्या नावाने स्वतःच घेतो. मुखत्याराने महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपविली, किंवा या व्यवहाराने मालकाचे नुकसान झाले, हे दाखविता आले तर मालकाला तो व्यवहार झुगारून देता येतो. २१३ वे कलम म्हणते, मागितला की हिशेब दिलाच पाहिजे. २१६ वे म्हणते, मालकाला नकळत मुखत्याराने त्याच कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातून झालेला लाभ मालकाला मागता येतो. २२० वे म्हणते, ज्या कामात मुखत्याराने गैरवर्तन केले त्याचा मोबदला त्याला मिळत नाही. आणि २१९ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, काम पुरे झाल्याखेरीज मोबदला देय होत नाही.

इतके सारे दीडशे वर्षांपासून कायद्यात असताना मग उणे कोठे? उणे आहे ते त्या शेवटच्या कलमातील चार शब्दांत: वेगळा करार नसेल तर. छापील कागद हा नेमका वेगळा करार असतो. कायद्याने मालकाला दिलेले संरक्षण त्यातील एका वाक्याने बाजूला सारता येते, आणि ते वाक्य मालकाने वाचलेले नसते.

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. रोह्यातील एका घराचे मालक मध्यस्थाला म्हणतात, “मला चाळीस लाख हातात पडले म्हणजे झाले, वरचे तुमचे तुम्ही पाहा.” बोलणे सोपे आणि सुटसुटीत वाटते. दलालीच्या टक्क्याची घासाघीस नको. पण गिऱ्हाईक सेहेचाळीस लाखांना तयार असले, तर मध्यस्थाला मिळतात सहा लाख, म्हणजे किमतीच्या शेकडा तेरा. दोन टक्के दलाली मागितली असती तर याच मालकांच्या कपाळाला आठी पडली असती! शिवाय या बोलीने मध्यस्थाचे हित मालकाच्या हिताविरुद्ध उभे राहते. घराची किंमत मालकाला जितकी कमी वाटेल तितका मध्यस्थाचा लाभ. ज्याला आपण आपल्या बाजूचा समजतो, तो नकळत पलीकडे जाऊन बसतो.

धान्याच्या आणि कापसाच्या बाजारात हाच प्रकार आपल्या लोकांनी पूर्वी पाहिला आहे. उपरण्याखाली हात घालून, अडत्याने आणि व्यापाऱ्याने एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवावा, आणि ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा राहून उपरण्याकडे पाहत असावा, ही रीत पुष्कळ बाजारांत होती. या गैरचालींना आळा घालण्याचा आपल्याकडील एक आरंभीचा प्रयत्न वऱ्हाडात झाला. तेथे १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा करून दलाल आणि तोलारे यांना परवाने लावले. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा आणि १९३९ साली शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६३ चा. उघडा लिलाव, तपासलेला काटा, परवानाधारक अडत्या, हिशेबाची पट्टी ही शेतकऱ्याच्या पदरात पडली. २०१६ साली तर फळे व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय राज्यात झाला. हे सर्व नियम कागदावर जितके नीट तितके व्यवहारात पाळले जातात असे नव्हे. तरी भाव उघड असावा आणि मध्यस्थाचा वाटा उघड असावा, हे तत्त्व मान्य झाले. वांग्याच्या पाटीला जे मिळाले, ते आजोबांच्या घराला अद्यापि मिळावयाचे आहे. घराचा सौदा अजून उपरण्याखालीच चालतो.

दलाली कधी मिळविली असे म्हणावे, हा दुसरा वादाचा प्रश्न. गिऱ्हाईक आणून उभे केले तेव्हा, इसार झाला तेव्हा, की खरेदीखत नोंदले गेले तेव्हा? इंग्लंडमध्ये एकदा उमरावांच्या सभेपुढे ईस्टबोर्न येथील सिनेमागृहांच्या विक्रीचा एक वाद आला. विक्री पुरी झाल्यावर दहा हजार पौंड द्यावयाचे ठरले होते. गिऱ्हाईक आले, पण मालकांनी त्याला विक्री केली नाही. न्यायाधीशांनी निर्णय दिला, की विक्री पुरी झाल्यावर असे शब्द असताना, मालकाने विक्री केलीच पाहिजे असे आणखी एक कलम त्यात कल्पनेने घालता येणार नाही. मध्यस्थाने मोठ्या मोबदल्याच्या आशेने ही जोखीम पत्करलेली असते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अगदी आपल्या पहिल्याच वर्षी, १९५० साली, कलकत्त्यातील एका घराविषयी निर्णय दिला. तेथे मालकाने एक महिन्याच्या मुदतीचे पत्र लिहून दिले होते. लाखाच्या खाली घर द्यावयाचे नाही. लाखाला एक हजार दलाली. लाखाच्या वर ठराविक मर्यादेपर्यंत येईल ती सारी रक्कमही मध्यस्थाची, अशी त्यात बोली होती. न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. गिऱ्हाईक मिळवून द्या असे म्हटल्याने मालकाच्या वतीने विक्रीचा करार करण्याचा अधिकार मध्यस्थाला मिळत नाही. परंतु मध्यस्थाला बाजूला सारून, त्यानेच आणलेल्या गिऱ्हाइकाच्या माणसांना घर विकले, तर त्याची दलाली बुडविता येत नाही. पहिला मुद्दा मालकाच्या रक्षणाचा आणि दुसरा मध्यस्थाच्या. न्याय्य कराराला ही दोन्ही टोके सांभाळावी लागतात; कारण मध्यस्थाकडून घर दाखवून घ्यावयाचे आणि मग गिऱ्हाइकाने व मालकाने परस्पर संगनमत करून त्याला चुकवावयाचे, हे पापही आपल्या समाजात थोडे नाही.

इंग्लंडने पुढे एक पाऊल टाकले. १९७९ च्या कायद्याने, करार होण्यापूर्वीच दलाली किती व केव्हा द्यावी लागेल हे मालकाला सांगणे मध्यस्थावर बंधनकारक केले. १९९१ च्या नियमांनी तर काही शब्दप्रयोगांचे अर्थ ठरवून दिले आणि कागदात ते शब्द वापरल्यास अर्थही त्याच कागदात सांगावा असे फर्माविले. एकट्या मध्यस्थाला काम दिले, पण मालकाने स्वतःच गिऱ्हाईक मिळविले तर दलाली नाही, हा एक प्रकार. विक्रीचा सर्व हक्क मध्यस्थाला दिला, मग मुदतीत मालकाच्या मेहुण्याने घर घेतले तरी दलाली द्यावयाची, हा दुसरा. आणि तयार गिऱ्हाईक आणले की, मालकाने मागाहून विचार बदलला तरी दलाली, हा तिसरा. या तिहींत महदंतर आहे, आणि ऐकताना तिन्ही सारखेच वाटतात.

आपल्याकडे काय आहे? २०१६ साली संसदेने स्थावर संपदेच्या विनियमनाचा कायदा केला, आणि १ मे २०१७ पासून त्याची प्रमुख कलमे अमलात आली. महाराष्ट्राच्या प्राधिकरणाला लोक महारेरा म्हणतात. त्याच्याकडे मध्यस्थांची नोंदणी होते, आणि २०२३ पासून त्यांना प्रशिक्षण व परीक्षाही लागू झाली. हे पाऊल स्तुत्य आहे. पण कायद्याचे नववे कलम बारकाईने वाचावे. नोंदणीची सक्ती आहे ती नोंदणीकृत प्रकल्पातील, प्रवर्तक विकीत असलेल्या घरांच्या व भूखंडांच्या व्यवहाराला. पेणच्या जुन्या आळीतील घर तुम्ही विकावयास काढले, तर तुमचा मध्यस्थ त्या कलमाच्या कक्षेत येत नाही. कायद्याने काळजी वाहिली आहे ती मुख्यतः नवे घर घेणाऱ्याची. जुने घर विकणारा आहे तेथेच, १८७२ च्या कायद्याच्या आणि स्वतःच्या सावधपणाच्या भरवशावर आहे.

तेव्हा कायद्याची ती उणीव भरून निघेपर्यंत आपला कागद आपणच नीट करावयास हवा. तो मराठीत असावा आणि घर कोणाला दाखविण्यापूर्वी व्हावा. दलाली किमतीच्या शेकडा किती किंवा ठोक किती, हे आकड्यांत व अक्षरांत लिहावे. ती कोणत्या क्षणी देय होईल ते लिहावे. माझ्या मते तो क्षण खरेदीखताच्या नोंदणीचा आणि पूर्ण पैसा हाती येण्याचा असावा. काम एकट्यालाच दिले आहे की अनेकांना, आणि मालकाने स्वतः गिऱ्हाईक आणल्यास काय, हे लिहावे. मुदत तीन महिन्यांसारखी थोडी असावी. कारण ठराविक मुदतीची मुखत्यारी सबळ कारणावाचून मध्येच मोडली तर भरपाई द्यावी लागते, हे करार कायद्याचे २०५ वे कलम सांगते. आलेला प्रत्येक देकार, लहान असो की मोठा, मालकाला लेखी कळवावा. खरेदीदाराकडूनही दलाली घेणार असल्यास ती किती, हे उघड सांगावे. वरची रक्कम मध्यस्थाची, ही बोली मुळीच करू नये. मध्यस्थाने ज्या गिऱ्हाइकांना घर दाखविले त्यांची यादी त्याने द्यावी आणि मालकाने तिच्यावर सही करावी, म्हणजे मुदत संपल्यावर त्याचे श्रमही बुडणार नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी मी सर्वांत महत्त्वाची समजतो. घर दाखविण्याच्या सोयीसाठी म्हणून कोणी कुलमुखत्यारपत्र मागितले, तर थांबावे. किल्ली देणे निराळे आणि सही करण्याचा अधिकार देणे निराळे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे, की नुसत्या कुलमुखत्यारपत्राने वा साठेखताने स्थावर मिळकतीची मालकी बदलत नाही. त्याला नोंदलेले खरेदीखतच लागते. पण विक्रीचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र हाती असलेला मनुष्य ते खरेदीखतही तुमच्या वतीने करून देऊ शकतो, हे विसरू नये. परगावी राहणाऱ्या मालकाला असा अधिकार द्यावाच लागला, तर तो घरच्या माणसाला द्यावा, मध्यस्थाला नव्हे.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, इतकी लिखापढी केली तर गावातला मध्यस्थ रागावेल. विश्वासावर चालणाऱ्या कामात कागद कशाला? याचे उत्तर मला पेण तालुक्यातच सापडते. २१ सप्टेंबर २००८ रोजी तेथील २२ गावांत शेतकऱ्यांचे मतदान घेण्यात आले. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी आपली जमीन द्यावयाची की नाही, एवढाच प्रश्न होता. पुढे तो प्रकल्प त्या जागी उभा राहिला नाही. त्या वादात कोणाची बाजू योग्य होती, हा आजचा विषय नव्हे. पण ज्याची जमीन त्याला प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा आणि त्याचे उत्तर कागदावर घ्यावे, ही गोष्ट याच मातीत, भातखाचरांच्या बांधावर घडली आहे. त्या शेतकऱ्यांना जे विचारले गेले, तेच घर विकणाऱ्या प्रत्येकाला विचारले जावे. आणि सही करण्यापूर्वी, माजघरात दिवा लावून, तो कागद घरातल्या सर्वांनी एकदा मोठ्याने वाचावा. जे वाक्य वाचताना कोणाला तरी अडखळावयास होईल, त्याचा अर्थ मध्यस्थाला विचारावा. प्रामाणिक मध्यस्थ तो सांगेल. आणि जो सांगणार नाही, त्याच्याकडे घराची किल्ली देण्याचे कारण उरत नाही.